दासीच्या लेकीचा सण

आयर्लंडचा संत कोण, असं विचारलं तर बहुतेक जणी सेंट पॅट्रिकचं नाव घेतील. १७ मार्चच्या मिरवणुका, हिरव्या टोप्या, हिरवे चेहरे हे सगळं आपण टीव्हीवर आणि मोबाइलवर पाहिलेलं असतं. पण त्याच देशात १ फेब्रुवारीला आणखी एक सण येतो आणि तो एका बाईचा आहे. तिचं नाव ब्रिजिट. कितीतरी शतकं हा सण रस्त्यावर फारसा आलाच नाही. तो स्वयंपाकघरात, गोठ्यात आणि दाराच्या चौकटीपाशी साजरा होत राहिला, म्हणून जगाला दिसला नाही. पॅट्रिकच्या दिवसाला १९०३ पासून सुटी आहे. ब्रिजिटच्या दिवसाला ती मिळाली २०२३ साली! आणि बाईच्या नावाने असलेली ती त्या देशातली पहिलीच सार्वजनिक सुटी.

कोण ही ब्रिजिट? परंपरेनुसार तिचा जन्म साधारण इ.स. ४५१चा आणि मृत्यू ५२४ किंवा ५२५चा. तिच्या हयातीत लिहिलेलं एक अक्षरही आज उपलब्ध नाही. कोगितोसस नावाच्या एका साधूने तिचं चरित्र लॅटिनमध्ये लिहिलं ते सातव्या शतकात, म्हणजे ती गेल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी. पुढे आणखी चरित्रं झाली, त्यांत आणखी चमत्कार शिरले. त्यामुळे इतिहास किती आणि दंतकथा किती, हे वेगळं काढणं अभ्यासकांनाही जमलेलं नाही. मी इथे दोन्ही सांगणार आहे. लोकांनी पंधराशे वर्षं कोणत्या गोष्टी जपल्या, यावरूनही बरंच काही कळतं.

तर गोष्ट अशी. लेन्स्टर प्रांतातला दुव्तख नावाचा एक सरदार. त्याच्या घरी ब्रोक्सेख नावाची दासी होती. तिला सरदारापासून दिवस गेले. सरदाराच्या बायकोला ते सहन होईना, म्हणून त्याने ही गरोदर दासी विकून टाकली. मात्र सौदा करताना त्याने एक अट घातली. दासी विकली, तिच्या पोटातलं मूल विकलेलं नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक थोडा वेळ बाजूलाच ठेवलं. आईचं शरीर एकाचं, त्यातला गर्भ दुसऱ्याचा, आणि दोन्हींवर आईचा हक्क शून्य. त्या काळच्या आयर्लंडमध्ये दासी ही चक्क हिशेबाचं मापच होती. मोठी किंमत सांगायची तर इतक्या दासी, असं मोजत.

ती दासी गेली एका ड्रुइडच्या घरी. ड्रुइड म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्याआधीचे तिथले पुरोहित-पंडित. एके दिवशी सूर्य उगवताना ती दुधाचं भांडं घेऊन घरात शिरत होती. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, आणि तिथेच ती बाळंत झाली. धड घरात नाही, धड बाहेर नाही, असा या मुलीचा जन्म. उत्तरेकडचं डंडॉकजवळचं फॉहर्ट हे गाव तिचं जन्मस्थान मानतात.

मोठी झाल्यावर ती बापाकडे आली. सरदाराची मुलगी, पण दासीच्या पोटची, त्यामुळे डुकरं राखणं, दळण, स्वयंपाक ही कामं तिच्याच वाट्याला. आणि तिला एक खोड होती. दारात आलेल्या माणसाला ती रिकाम्या हाताने परत पाठवत नसे. भाकरी, पीठ, मांस, जे हाताला लागेल ते देऊन टाकायची. पाहुण्यांसाठी शिजत घातलेलं मांस तिने एकदा भुकेल्या कुत्र्याला घातलं. कथेत ते मांस नंतर पुरून उरतं, पण बापाचं डोकं फिरलं असणार हे उघड आहे.

मध्येच ती आपल्या आईला भेटायला गेली. आई आजारी, डोळे दुखणारी, ड्रुइडच्या बारा गाईंचं दूधदुभतं सांभाळत होती. ब्रिजिटने काम स्वतःकडे घेतलं. लोणी काढलं की ती त्याचे तेरा वाटे करायची. बारा सारखे आणि तेरावा मोठा. तो मोठा वाटा गोरगरिबांचा. ही बातमी मालकाच्या कानावर जायची ती गेलीच. तो बायकोला घेऊन, भली मोठी टोपली घेऊन तपासणीला आला. कोठीत लोणी थोडंसंच होतं. ब्रिजिटने प्रार्थना केली, पुन:पुन्हा आत गेली आणि दर वेळी थोडंथोडं लोणी घेऊन बाहेर आली, टोपली भरेपर्यंत. ड्रुइड थक्क झाला. त्याने टोपली आणि गाई दोन्ही तिलाच देऊ केल्या. तिने गाई नको म्हणून सांगितलं आणि आईची सुटका मागितली. त्याने आईलाही सोडलं, गाईही दिल्या. ब्रिजिटने त्या गाई लगेच वाटून टाकल्या, हे वेगळं सांगायला नको.

चमत्कार बाजूला ठेवूया. या गोष्टीतली मोलाची गोष्ट मला लोण्याच्या वाट्यांत दिसते. दूध काढणारी, घुसळणारी, लोणी करणारी बाई. पण त्यातलं बोटभर कुणाला द्यायचं, हे ठरवायचा अधिकार तिचा नाही. ब्रिजिटने तो न विचारताच घेतला. ही चोरी म्हणायची का? मालकाच्या हिशेबाने चोरीच. चरित्रकारांनी मात्र तेवढ्यासाठीच तिला संत केलं.

बापाची सहनशक्ती संपली ती तलवारीच्या प्रसंगात. त्याने ब्रिजिटला रथात घातलं आणि लेन्स्टरच्या राजाकडे नेलं. मुलीचा मान म्हणून नव्हे, तर राजाच्या जात्यावर दळायला विकून टाकावी म्हणून. तो आत राजाशी बोलायला गेला, ती बाहेर रथात बसून राहिली. तेवढ्यात एक कुष्ठरोगी भीक मागत आला. तिच्याजवळ स्वतःचं काहीच नव्हतं. रथात बापाची तलवार होती, किमती, राजानेच दिलेली. तिने ती देऊन टाकली. बाप बाहेर येऊन बघतो तर तलवार नाही! तिला राजापुढे उभं केलं. राजाने विचारलं, बापाचं असं लुटतेस तर उद्या माझं काय करशील? तिने शांतपणे सांगितलं की मला शक्य असतं तर तुमचीही सगळी संपत्ती मी गरिबांना वाटली असती. राजा शहाणा होता. हिची किंमत करणं आपलं काम नाही, असं त्याने बापाला सांगितलं, त्याला दुसरी तलवार दिली आणि सौदा मोडला.

मग लग्नाचा विषय निघाला. तिकडे तेव्हा देज देण्याची रीत होती, म्हणजे पैसा मुलीच्या घरी यायचा. ब्रिजिटने लग्नाला नकार दिल्यावर भाऊ चिडले ते या बुडालेल्या देजामुळे, असं जुन्या चरित्रात अगदी स्पष्ट लिहिलेलं आहे. एका भावाने तिला हिणवलं की तुझे हे सुंदर डोळे कुणातरी पुरुषाच्याच घरी जाणार. त्यावर तिने बोट खुपसून स्वतःचा डोळा फोडून घेतला. ही कथा मला कधीच आवडली नाही. नकाराची किंमत बाईनेच, तीही स्वतःच्या शरीरातून द्यायची, हे कुठल्याही देशातलं असो, टोचतंच. कथेत पुढे तो डोळा बरा होतो, हाच काय तो दिलासा.

ब्रिजिटने संन्यासिनीचं व्रत घेतलं. व्रत देताना बिशप मेल यांनी तिच्यावर चुकून बिशपपदाच्या दीक्षेचा विधी केला, अशी दंतकथा आहे. हे चुकून झालं की ही चूक नंतर कुणीतरी मुद्दाम लिहून ठेवली, हा प्रश्नच आहे. कारण तिने स्थापलेल्या मठात बाईचं स्थान खरोखरच तेवढं मोठं होतं. हा मठ किल्डेअरचा. आयरिश भाषेत किल दारा, म्हणजे ओकवृक्षाचं चर्च. मठासाठी जागा मागायला ती राजाकडे गेली तर त्याने नाही म्हटलं. तेव्हा तिने माझ्या अंगावरचा झगा पसरेल तेवढीच जमीन द्या, अशी विनंती केली. राजाने हसून मान डोलावली. चार मुलींनी झग्याची चार टोकं धरली, चार दिशांना पळत सुटल्या आणि झगा पसरतच गेला. किल्डेअरजवळचं सुमारे ५००० एकरांचं करा नावाचं माळरान म्हणजे तीच जागा, असं तिथले लोक सांगतात. आज तिथे मेंढ्या चरतात आणि घोड्यांच्या प्रसिद्ध शर्यती होतात.

किल्डेअरच्या मठात बायका आणि पुरुष दोन्ही राहत. कोगितोससने तिथल्या मोठ्या चर्चचं वर्णन केलंय. मधोमध लाकडी भिंत, बायकांना वेगळं दार, पुरुषांना वेगळं. वेदीच्या एका बाजूला ब्रिजिटची समाधी, दुसऱ्या बाजूला बिशप कॉनलेथची, वर टांगलेले सोन्याचांदीचे मुकुट. हा कॉनलेथ तिनेच बोलावून आणलेला बिशप. त्याची परदेशातून आणलेली उंची वस्त्रंसुद्धा तिने गरिबांना देऊन टाकली होती. सवय जाते कुठे!

कोगितोससने तिचा आणखी एक चमत्कार नोंदलाय, जो नंतरच्या काळात बऱ्याच जणांनी सांगायचा टाळला. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या एका तरुणीला दिवस गेले. ती ब्रिजिटकडे आली. ब्रिजिटने तिला हाकललं नाही. प्रार्थना केली, आणि गर्भ नाहीसा झाला. वेदना नाहीत, बाळंतपण नाही, मुलगी बरी होऊन परत गेली. सातव्या शतकातल्या एका साधूने हे पुण्यकर्म म्हणून लिहिलं. ही कथा वाचताना मला आपल्या शेजारच्या बेळगावची सविता हलप्पनवार आठवते. आयर्लंडमध्ये दंतवैद्य असलेली ही ३१ वर्षांची मुलगी २०१२ साली गर्भपात होत असताना इस्पितळात दाखल झाली. गर्भ वाचणार नव्हता, तरी तो काढण्याची तिची विनंती नाकारली गेली आणि जंतुसंसर्गाने ती गेली. त्यानंतर उसळलेली चळवळ थांबली नाही. मे २०१८ मध्ये तिथल्या जनतेने ६६ टक्क्यांहून जास्त मतांनी राज्यघटनेतली गर्भपातबंदी रद्द केली.

ब्रिजिटनंतर किल्डेअरच्या मठाची प्रमुख नेहमी बाईच असे, आणि तिचा मान तिथल्या बिशपहून मोठा असे. त्या गादीला किती वजन होतं ते ११३२ साली दिसलं. लेन्स्टरचं राज्य मिळवू पाहणाऱ्या डर्मट मॅकमरोच्या माणसांनी किल्डेअरवर हल्ला केला, माणसं मारली, मठप्रमुख बाईला पळवून नेलं आणि तिच्यावर जबरदस्ती केली. हेतू उघड होता. व्रत मोडलं की ती पदावर राहू शकत नव्हती. तिच्या जागी डर्मटच्या नात्यातली बाई बसवली गेली. त्या बळी पडलेल्या बाईचं पुढे काय झालं, याची कुणालाच पर्वा नव्हती. वीस वर्षांनी, ११५२च्या धर्मसभेनंतर, त्या गादीचा बिशपांवरचा मानही गेला.

पण किल्डेअरला एक अग्नी होता आणि तो टिकला. बाराव्या शतकाच्या शेवटी जेराल्ड ऑफ वेल्स हा प्रवासी तिथे गेला. त्याने लिहिलंय की हा अग्नी ब्रिजिटच्या काळापासून कधी विझलेला नाही आणि नवल म्हणजे त्याची राखही कधी वाढलेली नाही. एकोणीस संन्यासिनी पाळीपाळीने एकेक रात्र तो राखत. विसाव्या रात्री शेवटची संन्यासिनी लाकडं रचून ठेवायची, आता आजची पाळी तुझी असं ब्रिजिटला सांगून निघून जायची, आणि सकाळी अग्नी तेवतच असायचा. भोवती कुंपण होतं, ते ओलांडायला पुरुषांना बंदी. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीच्या काळात मठ मोडले गेले तेव्हा तो अग्नीही थंडावला.

हा अग्नी ख्रिस्ती संतिणीचा की त्याहून जुन्या कुणा देवीचा? इसवी सन ९००च्या सुमाराच्या एका आयरिश शब्दकोशात ब्रिजिट नावाच्या देवीची नोंद आहे. ती कवींची देवता, आणि तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकाची, दुसरी लोहारकामाची. १ फेब्रुवारी हा ख्रिस्तपूर्व काळापासूनचा इमबोल्क सण, वसंताची सुरुवात, मेंढ्यांना दूध येण्याचे दिवस. म्हणून कित्येक अभ्यासकांना वाटतं की देवीच पुढे संत झाली. आणि गंमत बघा, ब्रिजिट या नावाचं मूळ भाषाशास्त्रज्ञ उंच, थोर अशा अर्थाच्या ज्या शब्दात शोधतात, त्याचंच संस्कृत भावंडं म्हणजे बृहती. आपल्या बृहत्, बृहस्पतीच्या घरातलंच हे नाव.

आता घरातला सण. तो सुरू होतो ३१ जानेवारीच्या संध्याकाळी. त्या रात्री ब्रिजिट गावोगाव फिरते, घरांना आणि गुरांना आशीर्वाद देते, अशी श्रद्धा. घरातली एक मुलगी बाहेर जाऊन लव्हाळ्यासारख्या गवताचा भारा आणते, दारावर थाप मारते, ब्रिजिटला आत घ्या म्हणते आणि आतले सगळे तिचं स्वागत करतात. एका रात्रीपुरती पोरगीच ब्रिजिट. मग लोणी घातलेले बटाटे, जेवण, आणि जेवणानंतर त्याच गवताचे क्रॉस विणायचे. मध्ये चौकोन आणि चार बाजूंना चार हात, असा तो नेहमीच्या क्रॉसपेक्षा वेगळा. दारावर, आढ्याला, गोठ्यात लावायचा. आग आणि रोगराई दूर राहते म्हणून. जुना टाकायचा नाही. शेजारच्या गरिबांच्या घरी त्या दिवशी लोणी पोचतं करायची रीत होती. खिडकीबाहेर किंवा झुडपावर एक कापड रात्रभर ठेवायचं, ब्रिजिटचा स्पर्श झालेलं ते कापड डोकेदुखीला, अडलेल्या बाळंतिणीला, अडलेल्या गाईलाही उपयोगी पडायचं. केरीकडे गवताच्या उंच टोप्या घालून मुलं वाजतगाजत घरोघर एक बाहुली नेतात. जुन्या काळी ताक घुसळायच्या रवीलाच कपडे नेसवून बाहुली केली जाई.

आणि मला सगळ्यात आवडलेली रीत. बऱ्याच गावांत त्या दिवशी चाक फिरवायला बंदी होती. गाडीचं चाक नाही आणि चरख्याचंही नाही. हिवाळाभर सूत कातणाऱ्या बाईला त्या दिवशी देवाच्या नावाने सुटी. सरकारने दिली त्याच्या कितीतरी आधी!

या नावाने वाईट दिवसही पाहिले. घरोघरी एक तरी ब्रिजिट असायची. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात आणि पुढेही आयरिश मुली हजारोंनी, कित्येक एकट्याच, बोटीने अमेरिकेला गेल्या. तिथे श्रीमंतांच्या घरी मोलकरणी झाल्या. इतक्या की ब्रिजिट किंवा बिडी हे मोलकरणीचंच नाव होऊन बसलं. वर्तमानपत्रांतल्या व्यंगचित्रांत भांडी फोडणारी, मालकिणीला उलट बोलणारी बाई म्हणजे बिडी. मुंबईत एके काळी घरगड्याचं नाव काही असो, हाक रामा अशीच यायची, तसंच हे. या बिड्या पगारातला पैसा गावाकडे पाठवत आणि धाकट्या भावंडांच्या तिकिटाचे पैसे जमवत. दासीच्या लेकीचं नाव पुन्हा दासींकडेच आलं होतं.

१९९३ साली किल्डेअरच्या चौकात ब्रिजिडाइन संन्यासिनींनी तो जुना अग्नी पुन्हा पेटवला. २००६च्या १ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांच्या हस्ते चौकात कायमची ज्योत लागली. २०१९ पासून हरस्टोरी नावाच्या गटाने सुटीसाठी मोहीम चालवली. २०२२च्या जानेवारीत सरकारने ती जाहीर केली आणि ६ फेब्रुवारी २०२३ला पहिली सुटी झाली. ती फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी असते. १ तारखेला शुक्रवार आला तर मात्र त्याच दिवशी. जानेवारी २०२४ मध्ये, तिच्या निधनाच्या पंधराशेव्या वर्षी, तिच्या अस्थीचा एक अंश मिरवणुकीने किल्डेअरच्या चर्चमध्ये परत आणला गेला.

डब्लिनला राहणाऱ्या माझ्या भाचीच्या मुलीला शाळेत हा क्रॉस विणायला शिकवलं. गवत नव्हतं, म्हणून रंगीत लोकरी तारांचा. भाचीने तो दाराच्या चौकटीला, दिवाळीच्या तोरणाशेजारी अडकवला. पुढच्या वर्षी नवा आला तेव्हा तिने जुना काढायला हात घातला, तर लेकीने अडवलं. जुना टाकायचा नसतो, बाईंनी सांगितलंय. आता तिच्या दारावर तीन झालेत.